तिसरं कडवं

काल लेकीच्या गॅदरिंगला मागून ‘वन्स मोअर’ची बोंब उठली आणि मला दौंडचं आमचं कॉलेज आठवलं. तिथल्या गॅदरिंगला मी स्वतः रचलेलं प्रेमाचं गाणं म्हणत होतो, वर्गातल्या सुजातासाठी. पोरं ‘वन्स मोअर’ ओरडत होती, मी खुशीत पुन्हा गात होतो. मुलींची बाजू मात्र गप्प. सुजातानं तर मान वर केलीच नाही.

“टिंगल चालली व्हती तुझी,” मित्रानं नंतर सांगितलं.

संध्याकाळी स्टेशनवर सुजातानं शाईनं भरलेला तळहात पुढं केला. “दोन कडवी लिहून घेतली. तिसरं ऱ्हायलं, सांग की.”

हीपण टिंगलच करतेय, असं वाटून मी पाठ फिरवून पाटसच्या गाडीत चढलो.

ते तिसरं कडवं आता मलाही आठवत नाही.