गुरुवारची चाबी

आजवर कुणापाशी बोललो नाही ते आधीच सांगून टाकतो. बल्लारशाला आमच्या लाकूड डेपोच्या क्लबात दर गुरुवारी संध्याकाळी जॅझ वाजायचं. ते आमच्या ड्रमवाल्या लटारीच्या दारूपायी बंद पडलं, असं गाव आजही समजतं. ते खोटं आहे. ते माझ्यामुळे बंद पडलं. देवदान मास्तर वारल्याची बातमी गेल्या महिन्यात सिरोंच्याहून सागवान घेऊन आलेल्या लॉरीच्या ड्रायव्हरने दिली, तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं. आता मास्तर विचारणार नाहीत... अशा माणसाला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं. माझं ठरलेलं आहे.

पुढच्याच रविवारी क्लबात शोकसभा झाली. मास्तरांच्या ट्रम्पेटला ज्या ठेकेदाराने जन्मभर 'रेड्याचं हंबरणं' म्हटलं, तोच अध्यक्ष. 'कलेचा एक उपासक हरपला,' एवढं बोलून त्याने घड्याळ पाहिलं, कारण पत्त्यांचा डाव खोळंबला होता. एक गृहस्थ मास्तरांच्या बासरीवर बोलले. बासरी मास्तरांनी कधी हातात धरली नव्हती. मीही बोललो. गळा दाटून आल्यासारखं करून बोललो, आणि लोकांनी नंतर वाखाणलं. तिथे बसलेल्या साऱ्या ढोंग्यांत माझं ढोंग सरस होतं, एवढं श्रेय मला द्यायला हरकत नाही.

मास्तर सिरोंच्याकडचे तेलुगु ख्रिस्ती. लढाईच्या काळात ते फौजेच्या बँडात होते. कलकत्त्यात अमेरिकन शिपाई वाजवत ते त्यांनी ऐकून ऐकून उचललं आणि लढाई संपल्यावर आमच्या आरा मशीनवर करवतींना धार लावायच्या नोकरीवर आले. क्लबातली बाजूची खोली त्यांनी भांडून मिळवली होती. क्लबाचा रिवाज असा, की ज्याचा वार त्याने खोली उघडून दिवा लावायचा. एक वार चुकला की तो वार दुसऱ्याचा. पत्तेवाले गुरुवारवर टपलेलेच होते. म्हणून मास्तरांनी अंगात ताप असतानाही गुरुवार चुकवला नाही. एका पावसाळ्यात ऐकायला फक्त दवाखान्यातला कंपाउंडर होता, तोही बाकावर झोपलेला. मास्तर म्हणाले, "झोपला तर झोपला. उठून तर गेला नाही ना?"

लटारी राजुऱ्याकडच्या एका खेड्यातला. डेपोत ओंडके उचलायचा आणि लग्नसराईत डफडं वाजवायचा. एका वरातीत मास्तरांनी त्याला ऐकलं आणि तिथेच विचारलं, "तुला हा ठेका कोणी शिकवला?" लटारी म्हणाला, "शिकवते कोन? वाजवलं नाई त जेवाले भेटत नाई." मग त्याच्यासाठी एक ढोल, बिस्किटाचे दोन डबे आणि करवतीचं मोडकं पातं एवढ्यावर ड्रम उभा राहिला. मी डेपोतला कारकून, नागपूरला क्लॅरिनेट शिकून आलेला, त्यामुळे आम्हा तिघांत स्वतःला जाणकार समजणारा. या वाजवण्यात एक पाळी अशी येते, की बाकीचे मागे सरतात आणि एकट्याने आपल्या मनाचं वाजवायचं असतं. माझी पाळी आली की मी मास्तरांनी वाजवलेलंच घोटून परत वाजवी. "ही कचेरीतली नक्कल झाली, बाबू," मास्तर म्हणत. "मी बोललो तेच तू बोलला. तुझ्या घरचं काही सांग की." लटारी डब्यावर काठी टेकवून म्हणे, "बाबूच्या घरी सारी सामसूम असते, मास्तर."

मास्तरांची आई आजारी पडली आणि ते सिरोंच्याला निघाले. खोलीची चाबी त्यांनी माझ्याकडे दिली. "लटारी घेतो कधी कधी. तू बाबू आहे, तू चुकणार नाही." नेमक्या त्या गुरुवारी माझ्या बहिणीला पाहायला वर्ध्याचे पाहुणे आले. चहा झाल्यावर त्यांच्यातले वडीलधारे म्हणाले, "तुम्ही बँडवाल्यांत बसता असं ऐकलं." मी म्हणालो, "छे, डेपोतली माणसं आहेत, कामापुरती ओळख." हे बोलतोय तोच कुंपणाशी लटारी उभा. "बाबू, चाबी द्या ना. दिवा लावाची वेळ होऊन राह्यली." चाबी माझ्या कोटाच्या खिशात होती. मी म्हणालो, "कोण रे तू? उद्या कचेरीत ये." तो "बरं" म्हणून गेला. वर्ध्याच्या पाहुण्यांनी पुढे नकारच कळवला. एवढ्या नीचपणाची किंमतही मला धड मिळाली नाही.

त्या संध्याकाळी खोलीत दिवा लागला नाही. पुढच्या गुरुवारी तिथे पत्ते पडले. मास्तर परतले आणि त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, "लटारी आलाच नाही. एकट्याने उघडून काय करणार?" मास्तरांनी लटारीला आरा मशीनच्या आवारात सगळ्यांदेखत बोलावलं. तो म्हणाला, "मी त बाबूच्या घरी चाबी मांगाले गेलो होतो." मास्तर माझ्याकडे वळले. "बाबू?" तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी म्हणालो, "प्यायलेल्या माणसाला काय आठवणार?" सगळे हसले. लटारी तेवढा हसला नाही. "असंन बाप्पा," तो म्हणाला. "बाबू लिहिनारे मानूस आहेत. ते म्हनतीन तसं." दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही. मास्तरांनी ड्रमला दुसरा माणूस शोधला नाही, खोलीसाठीही ते भांडले नाहीत. फक्त सिरोंच्याला कायमचे जाईपर्यंत ते अधूनमधून माझ्या टेबलाशी येऊन थांबत आणि हळूच विचारत, "बाबू, तो खरंच नव्हता आला?" मी दर वेळी म्हणत असे, "नाही, मास्तर."

आता हे छापून येईल. 'किती प्रांजळ माणूस' असं म्हणणारेही निघतील. ही शाबासकी फुकटची आहे, कारण लटारीला वाचता येत नाही. तो नदीपलीकडे आपल्या गावी आहे आणि अजून लग्नांत डफडं वाजवतो. गेल्या उन्हाळ्यात एका वरातीत तो दिसला, तेव्हा मी पानठेल्याच्या आड झालो. त्याला मी चारचौघांत खोटं ठरवलं. तेव्हा त्याच्या गावी जाऊन, त्याच्या दारात, चारचौघांदेखत 'तू आला होतास, मीच खोटं बोललो' एवढं म्हणणं माझ्याकडून अजून बाकी आहे.