नळासमोरचा मासा

आमच्या गल्लीतल्या मावशी स्वतःच्या दारात कधीच रांगोळी काढत नसत. काढत ती गल्लीच्या नळासमोर, धुळीत. नवरा गेलेल्या बाईने दारात रांगोळी काढली तर लोक काय बोलतील, हे त्यांना ठाऊक होतं. "नळ काय कुनाचं दार न्हाई," म्हणायच्या, आणि भाजी धुतलेलं पाणी शिंपडून खाली बसायच्या.

दुष्काळाची वर्षं. मावशी मिरजगावहून नगरला आल्या होत्या. मुलगा तिकडेच दुष्काळी कामावर खडी फोडत होता. मी लग्न होऊन नाशिकहून आलेली. गोदावरीकाठी वाढलेल्या मुलीला नगर म्हणजे शिक्षाच. धूळ, लष्कराचे ट्रक आणि कोरडी सीना. बदली मागून घ्या म्हणून मी यांच्यामागे लकडाच लावला होता.

नळाला पाणी यायचं घटकाभर, आणि त्याआधी भांडणं. एकदा हंड्यांच्या ओढाओढीत शेजारच्या सकीनाभाभींच्या कपाळाला खोक पडली. दुसऱ्या दिवसापासून मावशींनी राखेत थोडी रांगोळी मिसळून प्रत्येक घराच्या हंड्याची जागा काढून ठेवायला सुरुवात केली. सकीनाभाभींना चांदणी, कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंना मोर. ओळीत आज पुढे असलेली उद्या मागे जाई, पण कुणाशेजारी कोण हे ठरलेलं. "रांगोळीवर पाय द्यायला लई काळीज लागतं," त्या म्हणाल्या, "तेवढ्या वंगाळ बाया आपल्याकडं न्हाईत." खरंच, तोंडं चालायची तेवढी चालत, पण कुणी रांगोळी तुडवत नसे.

माझ्या वाट्याला मासा आला. "नदीकाठची ना तू?" मला ती थट्टा वाटली आणि रागच आला. कोरड्या धुळीत कसला आलाय मासा? तसं बोलूनही दाखवलं. मावशींनी माशाखाली दोन लाटा ओढल्या. "गावाला नावं ठिवू नगं, पोरी. गाव वंगाळ न्हाई, वेळ वंगाळ हाय."

स्वतःसाठी त्या नुसता एक ठिपका काढत, माझ्या माशाच्या आणि चांदणीच्या मध्ये. एकल्या जिवाला ठिपका बास, म्हणायच्या.

हळूहळू दुसऱ्या गल्ल्यांतल्या बायका बघायला येऊ लागल्या. नाशिकहून माझा भाऊ आला, तोही नळापाशी उभाच राहिला. कोणाचा मोर, कोणाची चांदणी, हे मी त्याला सांगत सुटले. 'आमची गल्ली' हे शब्द माझ्या तोंडी पहिल्यांदा तेव्हा आले.

वैशाखात नळ बंद पडला. आडाचं गढूळ पाणी पिऊन गल्लीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. मावशींना आम्ही टांग्यातून सिव्हिलमध्ये नेलं. मुलाला निरोप पोचेपर्यंत त्या गेल्या होत्या. मला फार रडू आलं. माहेर सोडतानाही इतकं आलं नव्हतं.

पुन्हा नळ आला तेव्हा सुतक फिटलं नव्हतं. नात्याचं कुणी नव्हतं, तरी सगळ्या गल्लीने ते पाळलं होतं. सुतकात रांगोळी काढत नाहीत, म्हणून कुणीच काढली नाही. पण हंडे आपापल्या जागी बसले, आणि माझ्या व सकीनाभाभींच्या मध्ये हातभर जागा मोकळी राहिली. मागच्या गल्लीतली एक बाई घाईघाईने आली आणि तिथे घागर टेकवायला पुढे झाली.

"पाय नको देऊ, बाई," सकीनाभाभी म्हणाल्या. "रांगोळी हाय तिथं."

तिथे नुसती धूळ होती. त्या बाईने खाली पाहिलं, आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला. घरी आल्यावर मी यांना म्हटलं, बदलीचं राहू द्या.