काकांच्या पत्राचं दुसरं पान

भावाच्या लग्नाचं कापड घ्यायला पुण्याहून घरी आले होते. गुलमंडीतल्या दुकानात साड्यांचा ढीग पुढ्यात असताना काकूंचा फोन आला. "तुझे काका गेले गं," एवढंच. मी हातातल्या साडीची घडी घालायला लागले. दुकानदार म्हणाला, "राहू द्या ताई, आम्ही घालतो." तरी घालतच बसले. काकांशी मी दोन वर्षं बोलले नव्हते.

गौतमकाका माझे सख्खे काका नव्हेत. मूळचे सोयगावचे, अजिंठ्याच्या लेण्यांत स्पॅनिश पाहुण्यांचे गाइड, आणि ते काम नि ती भाषा मला शिकवणारे गुरू. स्पॅनिश ते शिकले एका पाहुण्याने मागे ठेवलेल्या जुन्या व्याकरणाच्या पुस्तकातून, त्यामुळे बोलणं अगदी कोर्टातलं. साध्या 'पण'ला त्यांच्या तोंडी जागाच नव्हती. 'सिन एम्बार्गो', म्हणजे 'तथापि'. नाहीतर त्याहून भारदस्त 'नो ओब्स्तान्ते', 'असे असूनही'. पाहुणे हसायचे, आमच्याकडे असं फक्त वकील बोलतात म्हणायचे. काका मला सांगायचे, "बरोबरच हाय की. मी भिंतीचा वकील."

बॅटरीचा उजेड ते आधी भिंतीवरच्या चित्राच्या रंग उडालेल्या भागावर टाकत. काय काय गेलं ते सगळं कबूल करत. मग "सिन एम्बार्गो..." म्हणून थांबत, आणि त्या शांततेत उजेड सावकाश उजवीकडे, शाबूत राहिलेल्या चेहऱ्यावर नेत. माणसं श्वास रोखून बघत. मी शिकताना तिथंच गडबड करायचे. "लई घाई तुला," काका म्हणायचे. "समोरच्याचं आधी सगळं मान्य कर. आपल्याला म्हणायचं ते मागून येतं."

पुण्याच्या भाषांतर कंपनीत अर्ज करताना मी त्यांच्याकडे शिफारसपत्र मागितलं. त्यांनी ते हाताने लिहून दिलं, स्पॅनिशमध्ये, दोन पानी. पहिल्या पानावर माझी अख्खी कुंडली मांडलेली: उतावळी आहे, पाहुण्याचं पुरतं ऐकून घेत नाही, चूक दाखवली की फुगून बसते. माझं डोकं फिरलं. "मला जाऊ द्यायचं नसेल तर सरळ सांगायचं होतं," मी म्हणाले. काकांनी एवढंच विचारलं, "पुरतं वाचलंस व्हय?" मी पत्र पर्समध्ये कोंबलं आणि निघाले. नोकरी त्या पत्राविना मिळाली, त्यामुळे माझा माज आणखी वाढला.

फोन आला त्या दिवशी घरी येऊन जुनी पर्स शोधली. दुसऱ्या पानाची सुरुवात 'नो ओब्स्तान्ते'ने होती. पुढे एकच वाक्य... माझी बॅटरी जिच्या हातात द्यावी अशी दुसरी कुणी मला माहीत नाही. पहिलं पान वाचून उठणारी मी, त्यांचीच शिष्या. लाज वाटली, आणि काका फार हवेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तेव्हा काकूंनी काकांची बॅटरी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "दर महिन्याला सेल बदलायचे. पोरगी आली अन् बॅटरी लागली नाय तर काय म्हणंल, म्हणायचे."

आता ती पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत टेबलावर असते. सेल बदलले की एकदा लावून बघते. समोरची भिंत कोरी. तरी उजेड डावीकडून उजवीकडे नेताना मध्येच हात थांबतो... आणि काका पुढचं बोलतील म्हणून मी थांबून राहते.