दत्तूभाऊच्या बल्ल्या

दत्तूभाऊ गेल्याचं मला टालावर कळलं, तेही चौकटींचा भाव ठरून गेल्यावर. मी नागपुरात लकडगंजातल्या एका लाकडाच्या टालावर मुनीम आहे. उन्हाळा सरत आला होता. पारशिवनीचा एक ओळखीचा शेतकरी नव्या घरासाठी दाराच्या चौकटी घ्यायला आला होता. साग पसंत पडला, मी माप घ्यायला वाकलो, आणि तो तंबाखू मळत म्हणाला, "दत्तूभाऊ गेले ना गा. तुले मालूमच नाही का? निरोप तं धाडला होता म्हणते." मी टेप धरून तसाच उभा राहिलो. मग उरलेलं माप पूर्ण केलं.

दत्तूभाऊ माझा मावसभाऊ, माझ्याहून सहासात वर्षांनी मोठा. पारशिवनीत त्याचं किराण्याचं दुकान होतं, घरी दोन गाई होत्या आणि फुटबॉलचं वेड होतं. खेळाडू म्हणून तो बेताचाच. गोलकीपर असायचा, पण चेंडू अडवण्यापेक्षा तो कोणाच्या चुकीने आत गेला याची चर्चा त्याला जास्त आवडे. गावाच्या तलावाच्या वरच्या अंगाला गावकीचं एक कुरण आहे, तेच आमचं मैदान. पेरण्या सुरू झाल्या की कुरणावर बंदी लागायची. तिथे जनावर सोडायचं नाही, माणसानेही पाय टाकायचा नाही. दिवाळीनंतर गवत कापून भारे घरोघर गेले की दुसऱ्या दिवसापासून तिथे फुटबॉल. हे कुणी ठराव करून ठरवलेलं नव्हतं, पण ते मोडल्याचं मी लहानपणी पाहिलं नाही. कुरण तलावाकडे उतरतं होतं, त्यामुळे अर्ध्या खेळानंतर बाजू बदलणं हा आमच्याकडे न्यायाचा प्रश्न होता.

गोल म्हणून तेव्हा आम्ही चपलांचे ढीग ठेवायचो. एकोणीसशे साठनंतर केव्हातरी मी टालावर लागलो आणि महिन्याभरात दत्तूभाऊ दारात हजर. त्याला खरा गोल हवा होता... चार उभ्या बल्ल्या, म्हणजे लाकडाचे लांब वासे, आणि दोन आडव्या. "वाकड्या असल्या तरी चालन गा," तो म्हणाला, "आमचा खेळ तरी कुठं सरळ हाय?" मी मालकाला विचारून बाजूला पडलेल्या बल्ल्या त्याला काढून दिल्या. तेव्हापासून दरसाल गवत कापलं की तो पोरांना घेऊन खड्डे खणायचा आणि बल्ल्या उभ्या करायचा, पेरणीच्या तोंडावर उपटून घरी आणायचा. पावसाळाभर त्या त्याच्या ओसरीत भिंतीला लागून पडलेल्या असायच्या. येणारे-जाणारे त्यांच्यावर बसत. सिंधूवहिनी म्हणायची, "लोकाच्या घरी पावसाळ्याआधी लाकडं येते चुलीसाठी, आमच्या घरी येते झोपाले!" दत्तूभाऊ आतून ओरडे, "हळू बोल वं, उठतीन!"

पुढे मी नंदनवनात राहायला आलो. घरासमोर मोकळे प्लॉट होते, तिथे माझा मुलगा खेळायचा. मग एकेका प्लॉटवर घर उठत गेलं आणि शेवटी त्याचा खेळ गल्लीत आला. गल्लीतून तो घरात आला. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण त्याच सुमारास पारशिवनीच्या तरुण मंडळींनी कुरणाचं कायमचं मैदान करायची मागणी केली आणि बोलायला मला नागपूरहून नेलं. त्यांना पावसाळ्यातही खेळायचं होतं, पंधरा ऑगस्टला सामने भरवायचे होते. मी सभेत सांगितलं की आज हे मैदान म्हणून पक्कं केलं नाही, तर उद्या इथे घरं बसतील. मी ते खरं मानत होतो. आजही मानतो.

दत्तूभाऊ उठला. "मैदान मलेबी पाहिजे," तो म्हणाला. "पण आठ महिने आपलं, चार महिने गवताचं. एवढे दिवस तं पोरं दम धरू शकते ना?" सभेत थोडी चुळबुळ झाली. लोक त्याच्याकडे झुकतायत हे मला दिसलं आणि मी म्हणालो, "भाऊ, तुले मैदानाची नाही, तुह्या दोन गाईंची काळजी हाय." सगळे हसले. तोही हसला. मग खाली बसला. हात वर झाले, आम्ही जिंकलो. दुकानदार माणूस, कडबा विकत घेणं त्याला जड नव्हतं. तो स्वतःच्या गाईंसाठी बोलत नव्हता, हे त्या सभेत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो बैलगाडीत बल्ल्या घालून स्वतःच कुरणात आला. खड्ड्यांत सिमेंट ओतायचं ठरलं होतं. एकेक बल्ली त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि मला लांब उभं केलं. "सरळ हाय का पाह्य. मले जवळून समजत नाही." मी लांबून हात हलवत होतो... जरा डावीकडे, जरा मागे... आणि तो माझं ऐकत होता.

पहिल्या पावसाळ्यात सामने झाले, गर्दी झाली. जी पोरं कधी फुटबॉलकडे फिरकली नव्हती तीही खेळायला लागली. ते नाकारता येत नाही. पण ओल्या उतारावर रोज पाय पडल्यावर गवत उठलं नाही, आणि गढूळ पाण्याचे ओघळ तलावात जाऊ लागले. एका म्हशीच्या दुधावर घर चालवणारी भागाबाई मला तलावाच्या पाळीवर भेटली. मी खेळाचं कौतुक करत होतो. ती म्हणाली, "पोरं खेळून राहिले हे चांगलंच हाय गा. पण माही म्हैस फुटबॉल खात नाही." पुढच्या वर्षी तिने म्हैस विकली. ही बातमी दत्तूभाऊने मला सांगितली नाही, दुसऱ्याच कुणी सांगितली. माझं गावी जाणं मग कमी झालं. टालावर कामं होती, पण खरं कारण ते नव्हतं.

सिमेंटमध्ये पाणी धरून बल्ल्या बुडाशी कुजल्या आणि एका सामन्यात गोलच आडवा झाला. दत्तूभाऊने सभा बोलावली नाही. तो रोज संध्याकाळी पोरांना दुकानाच्या पायऱ्यांवर बसवायचा, फुटाणे द्यायचा आणि बोलायचा. पोरंच शेवटी कबूल झाली. कुरणाची वरची सपाट पट्टी बाराही महिने सरावाला ठेवायची आणि उताराचा सगळा भाग पावसाळ्यात गवताला द्यायचा. मैदानही राहिलं, बंदीही परत आली. हे सगळं त्याने मला यंदाच्या थंडीत नंदनवनात येऊन सांगितलं. त्याला नव्या बल्ल्या हव्या होत्या. "या डाव लोखंडी पाईपाचे तुकडे गाडतो. बल्ल्या त्यात उभ्या करू, पेरणीले उचलून घरी." मी म्हणालो, "भाऊ, त्या सभेत मी जे बोललो..." त्याने चहाची बशी खाली ठेवली. "कोणती सभा? बल्ल्या सागाच्याच पाह्य बाप्पा, निलगिरी देऊ नको."

मी होळीनंतर पाठवतो म्हणालो. होळी गेली, उन्हाळा लागला. टालावर बल्ल्या होत्या, पारशिवनीकडे जाणारे ट्रकही होते. पण त्या सभेवरून त्याने मला एकदा तरी रागावून बोलून घ्यावं असं मला वाटत होतं, आणि त्याने फक्त लाकूड मागितलं होतं. या एवढ्याशा गोष्टीसाठी मी ते काम आज-उद्यावर टाकत राहिलो. एका दुपारी दुकानातच त्याच्या छातीत कळ आली आणि सगळं संपलं.

तेरवीला मी रिकाम्या हातांनी गेलो होतो. नंतर, पाऊस सुरू होऊन काही दिवस झाल्यावर, बल्ल्या घेऊन गेलो. पोरांनी त्या ओसरीत, जुन्या जागी, भिंतीला लावून ठेवल्या. सिंधूवहिनी बाहेर आली. "आता तं बंदी लागली," ती म्हणाली, "झोपू द्या दिवाळीपर्यंत." मग म्हणाली, "पाईप पाहून या तुम्ही. उन्हाळाभर त्याच्याच मागं होते."

वरच्या पट्टीच्या कडेला एका गोलाचे दोन पाईप होते. उतारावर गवत बोटभर वर आलं होतं, त्यात मी उतरलो नाही. पट्टीवरच गुडघे टेकून हात लांब केला. पाईपाच्या तोंडावर दुकानातल्या डब्याचं झाकण घट्ट बसवलेलं होतं, त्यावर दगड. झाकण काढून मी कोपरापर्यंत हात आत घातला. इतके दिवस पाऊस पडत होता, तरी आत तळापर्यंत कोरडं होतं. मी झाकण परत बसवलं आणि दगड होता तसा ठेवला.

दिवाळीनंतर बल्ल्या उभ्या करायला पोरांनी मला बोलावलं आहे. पाईप जरा मोठे आहेत, म्हणून पाचर ठोकेपर्यंत कुणीतरी बल्ली धरून ठेवावी लागेल. ते काम मी मागून घेतलं आहे. सरळ आहे की नाही ते या वेळी दुसऱ्या कुणीतरी लांबून सांगावं.