पायाळूच्या तीन लाथा

"कंबरेवर हा काळानिळा डाग कशाचा?" एमआरआयचा फोटो बाजूला ठेवत भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी विचारलं.

"लाथेचा," मी म्हटलं. "मीच मारली."

पलंगावर माझा नवरा पडला होता. डॉक्टर चिडले. "दोन मणक्यांच्या मधात गादी असते, तिला डिस्क म्हणतात. ती सरकून पायाच्या नसेवर बसली. वरून तुम्ही हाणलं! पंजा उचलत नाही, याला फूट ड्रॉप म्हणतात. ऑपरेशन आजच करू. पाय किती परत येईल, सांगता येत नाही."

मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, म्हणून माझ्या लाथेनं कंबरेची चमक जाते, असं अख्खं गाव मानते. मीही मानलं, मूर्खासारखं! रविवारी सकाळी अंगणात माणसं यायची. बरी झालेली गावभर सांगायची. बाकीच्यांचं काय झालं, मी कधी विचारलं नाही. साधी चमक तर आठ-पंधरा दिवसांत आपोआपही जाते, म्हणे. हे मले दवाखान्यात समजलं.

रोवण्यात, धानाच्या लावणीत, रोपांच्या पेंढ्या उचलताना यांची कंबर धरली. कळ मांडीतून अंगठ्यापर्यंत जाऊन राहिली होती, बोटं बधिर. मी म्हटलं, तुमसरले डॉक्टरले दाखवू. सासू म्हणाली, "घरात पायाळू अन् दवाखाना कायले? लोक हासतील ना!" झालं, मलेही मोठेपणा चढला. दोन लाथा यांनी दात आवळून खाल्ल्या. तिसरीले ओरडून खालीच बसले. दुसऱ्या दिवशी पायात चप्पल राहीना.

ऑपरेशननं कळ गेली. रोजच्या व्यायामानं पंजा अर्धाच आला. ओझं उचलणं बंद.

तुमाले सांगते, कळ पायात उतरली, पंजा ढिला पडला, लघवी अडली, तर पायाळूच्या दारी मरायले जाऊ नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तरी लोक येतातच. परवा शेजारची कौतिका वाकून, पाय ओढत आली. मी नाही म्हटलं तर माझ्यावरच उखडली, "तुले गुण आहे अन् देत नाहीस? काहून एवढा माज?"

मी शिवी देणारच होती. तेवढ्यात हे खाटेवरून उठले. ऑपरेशनपासून त्या लाथांबद्दल यांनी मले एक शब्द म्हटला नव्हता. कधी बोल लावतील, याची वाट पाहून पाहून मी थकली होती. पाय घसटत हे कौतिकासमोर गेले.

"हे हिनंच केलं," ढिला पंजा दाखवत हे म्हणाले. "तू दवाखान्यात जाय."

कौतिका गेली. मी तिथंच उंबऱ्यावर बसून पोटभर रडली.