सानियाचं ताट

नळी तिसऱ्यांदा निघाली तेव्हा माझ्या हातात वरणाचा डाव होता. तो तसाच पातेल्यात सोडून मी मागच्या खोलीत पळाले. सानिया कॉर्नर चेअरमध्ये, पाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या खुर्चीत, बसलेली. फ्रॉक ओला, मुठीत नळी. दुखलं असणारच, पण ती रडत नव्हती. दाराकडे बघत होती.

मी मेहकरजवळच्या दिव्यांग मुलांच्या एका निवासी केंद्रात केअरटेकर आहे. मूळची कुडाळची. आठवीत शाळा सुटली. कुठलंही सर्टिफिकेट नसताना इथले अधीक्षक देशमुख सर यांनी मला ठेवून घेतलं, सिस्टरांनी हाताला धरून काम शिकवलं. ते उपकार मी विसरत नाही.

सानिया नऊ वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा हुकूम हातापायांना आणि जिभेला नीट पोचत नाही. उजवा हात तेवढा चालतो. समज मात्र पूर्ण. गिळलेलं तिच्या फुफ्फुसात जायचं, सारखा न्यूमोनिया व्हायचा. म्हणून पोटाला छिद्र करून नळी बसवली. तिला आम्ही जी-ट्यूब म्हणतो. मोठी सीरिंज लावून उंच धरायची, पातळ फीड सावकाश उतरतं. नंतर अर्धा तास बसवून ठेवायचं. नळी निघाली तर छिद्र काही तासांत आवळतं. मग गाडी काढून अकोला गाठायचं. एका महिन्यात तीनदा आम्ही ते केलं होतं.

अकोल्याहून परत आलो तेव्हा सर व्हरांड्यात उभे होते.

"ताई, आता बस झालं. तिचा हात बांधून ठेवाले डॉक्टर नाही म्हनतात. एखाद्या दिवशी गाडी टायमावर नाही पोचली तर? तिच्या आईले बोलवा."

"घरी फीड कोण देईल, सर?"

"मले काय माहीत नाही का?" ते थकल्यासारखे म्हणाले. "पन पोरगी माह्या जिम्मेदारीवर आहे."

सानियाचे वडील ट्रकवर असतात. आई सुलतानपुरात दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात. घरी गेली की पुन्हा चमच्याने भरवणं आणि पुन्हा न्यूमोनिया. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी मी फोन लावला.

महिन्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशक मॅडमनी मला एक चार्ट भरायला दिला होता. एबीसी चार्ट. तीन रकाने: आधी काय झालं, मुलीने काय केलं, नंतर काय झालं. पहिले दोन मी भरत होते. 'फीड झालं.' 'नळी ओढली.' तिसरा कोराच. नंतर काय, धावपळ. ती सगळ्यांना दिसलेलीच, असं मला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सानियाची आई रिकामी पिशवी घेऊन आली, कपडे भरायला. फीड संपलं होतं. पुढे हॉलमध्ये मुलांची पंगत बसत होती.

"इथं एकली काऊन बसवली हिले?"

"तिकडे मुलं जेवतात, अम्मी. बघून वाईट वाटायला नको."

"कोनाले?"

मी सीरिंज धुवायला घेतली.

"घरी जेवाले दस्तरखान अंथरला का ही पयले तिथं," ती सानियाचे केस मागे करत म्हणाली. "खात नाही काई. पन समद्याईत बसते. रिकामं ताट ठेवतो आमी हिच्यासमोर."

मागची खोली ही माझीच कल्पना होती. दया म्हणून. अम्मी कपड्यांच्या घड्या घालत होती तेवढ्यात मी चार्ट घेऊन बसले आणि तिसरा रकाना भरला. 'मी पळत आले. सर आले. स्वयंपाकाच्या मावशी आल्या. मुलं ताटं सोडून दारात उभी राहिली.' तिन्ही वेळा तेच. पंगतीला ती जाऊ शकत नव्हती, म्हणून पंगत तिच्याकडे आली होती.

कागद घेऊन सरांकडे गेले.

"सर, चूक माझी आहे. पोरीची नाही."

त्यांनी दोनदा वाचलं. "आधी काऊन नाही भरलं?"

"कळलं नाही, सर."

"मले तरी कुठं कळलं." चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "आठ दिवस पाहू. पुन्हा निघाली तर मंग माह्या हातात काही नाही."

पिशवी भरलेलीच राहिली, फक्त घरी गेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून सानियाची खुर्ची पंगतीत मांडली. समोर रिकामं ताट आणि चमचा. मी बाजूला सीरिंज धरून. आमच्याकडे कोणीतरी "होऊ द्या सावकाश" म्हटल्याशिवाय घास उचलत नाहीत. त्या दिवशी कोणी म्हणण्याआधीच सानियाने ताटावर चमचा आपटला.

"झालं, सानिया म्हनते सुरू करा," शेजारचा सुनील म्हणाला. सगळे जेवायला लागले. तेव्हापासून ते काम तिचंच.

आठ दिवस नळी जागेवर राहिली. नवव्या दिवशी मी पिशवीतले कपडे कपाटात लावले. पुढे दोन महिन्यांनी एकदा निघाली, तीही कपडे बदलताना माझ्या बांगडीत अडकून. ते मी पहिल्या रकान्यात लिहिलं.

सानिया काही गरीब गाय झालेली नाही. सुनीलचे केस ओढते. पण नव्या केअरटेकरना मी एवढंच सांगते, तिसरा रकाना कोरा सोडू नका, त्यात बहुतेक आपणच असतो.

हल्ली चमचा वाजवायला ती मुद्दाम वेळ लावते. वरण निवतं. सर पंगतीला असले की तेही हात मांडीवर ठेवून बसून राहतात.