मशीनच्या कपाळी तीन बोटं

नळदुर्गच्या स्टँडसमोर पंक्चरवाला आणि धाबा यांच्या मधे वीरभद्र आप्पांचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि बाकी सगळं पोट उघडून पडलेलं. इन्व्हर्टर, शेतातली रानडुकरं हाकलायची झटका मशीन, भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर. जे बॅटरीवर चालतं ते कधी ना कधी आप्पांकडं येतं. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. दुरुस्त झालेल्या यंत्राच्या कपाळी ओल्या भस्माची तीन बोटं ओढल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं नाही, हा आप्पांचा नेम.

यंत्राला कपाळ कुठं असतं? ते आप्पा ठरवतात. ॲम्प्लिफायरचं बटणांच्या वर, इन्व्हर्टरचं झाकणावर. अनसूयाबाईंच्या अंडी उबवायच्या मशीनचं कपाळ मात्र त्यांनी आत, अगदी पोटात शोधलं.

झालं होतं असं. दुपारी लाईट गेली की ही मशीन बॅटरीवर जायची आणि तिचा बल्ब विझायचा. बॅटरी ठणठणीत होती. बिघडला होता रेग्युलेटर. बॅटरीच्या बारा व्होल्टाचे स्थिर पाच करून देणारा, तीन पायांचा, चिंचोक्याएवढा तुकडा. एका पायानं घेतो, दुसऱ्यानं देतो आणि तिसऱ्यानं किती द्यायचं ते ठरवतो. पाच मिळाले तर मशीन बल्ब पेटवणार, नाहीतर अंडी गार. तो तुकडा तापून मेला होता. आप्पांनी नवा बसवला, उष्णता निघून जावी म्हणून पाठीशी जुन्या डब्याच्या झाकणाचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापून जोडला. पत्रा इतका देखणा झाला, की आप्पांना दुसरं कपाळ सुचेना. तीन बोटं तिथंच ओढली आणि झाकण लावलं.

आठवडा पुरा व्हायच्या आत मशीन परत. आप्पा म्हणाले, माल डुप्लिकेट. नवा रेग्युलेटर, आणि या खेपेला भस्म जरा जाडच. तरी पुन्हा तेच. मग आप्पांनी बॅटरीवर संशय घेतला, चार्जरवर घेतला, शेवटी अनसूयाबाईंवर घेतला.

"घरी तुमी मशीनसंगं करता तरी काय?"

"उबवते. आनखी काय करू, नाचू तिच्याफुडं?"

तिसऱ्या खेपेला अनसूयाबाई एसटीतून उतरल्या त्या मशीनसोबत टोपलीही घेऊन. गोधडीत गुंडाळलेली, मधे गरम पाण्याची बाटली. गावरान कोंबडीची अंडी, आता फुटायच्या बेताला आलेली. मागचा सगळा घाणा ह्या बल्बापायी वाया गेला होता.

"ही आता मशीनमधी ठेवते. जितं पिल्लू दिसंपातूर म्या हितनं हलत न्हाय," असं म्हणून त्यांनी खुर्ची घेतली. आप्पा उभे.

"अक्का, आमच्या घरात अंडं शिवत न्हाईत."

"खा म्हनलंय का? जगवा म्हनलंय."

लाईट नव्हतीच. आप्पांनी तिसरा रेग्युलेटर टाकला, बॅटरी जोडली. मीटरवर पाच. बल्ब पेटला. अनसूयाबाईंनी अंडी आत मांडली, पाण्याची वाटी ठेवली.

"झालं बगा. एक नंबर." आप्पा मीटरच्या वायरी काढायला लागले.

"ऱ्हाऊ द्या तसंच. दर खेपंला तुमी एक नंबरच म्हनता."

आप्पांनी मान डोलावली आणि सवयीनं भस्माच्या वाटीत बोटं बुडवून पत्र्यावर ओढली. पाणी जरा जास्त होतं. भस्माचा ओघळ पत्र्यावरून निघाला तो थेट रेग्युलेटरच्या पायांत जाऊन बसला. मीटरचा आकडा पाचावरून घसरला. साडेचार. साडेतीन. बल्ब विझला.

दोघंही आकड्याकडं बघत राहिले.

"आप्पा," अनसूयाबाई हळूच म्हणाल्या, "त्यो कोन माल डुप्लिकेट म्हनत हुता?"

आप्पांनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि रेग्युलेटरचे पाय असे पुसले, की तान्ह्या लेकराचेही कुणी पुसत नसेल. फुंकर मारली, पुन्हा पुसलं. चार. साडेचार. पाच. बल्ब लागला, तेव्हा कुठं त्यांनी श्वास सोडला.

"ओलं भस्म वीज सोडतंय, अक्का. तिसऱ्या पायाला भलतीच वाट गावली, त्यानं देनं कमी केलं. हितं वाळल्यावर झाक चालायचं. तुमच्याकडं आतल्या वाफंनं परत भिजायचं."

"म्हंजी माजा मागला घाना तुमच्या पूजंनं खाल्ला."

"पूजंनं न्हाय," आप्पा पुटपुटले. "पान्यानं."

"व्हय व्हय. पानीच मेलं नास्तिक."

पंक्चरवाला महालिंगप्पा चहाच्या निमित्तानं येऊन सगळं ऐकून गेला. म्हणजे चहा संपायच्या आत ते स्टँडभर झालं. शेजारचा धाबेवाला इन्व्हर्टर घेऊन आला आणि मोठ्यानं म्हणाला, "आप्पा, निस्तं रिपेर करा. आंगूळ घालू नका."

आप्पांनी त्याला ताटकळत ठेवलं आणि मुद्दाम सर्वात शेवटी हात लावला.

ऊन उतरायला लागलं तसा मशीनमधून आवाज आला. एका अंड्याला चीर पडली होती. आप्पा वाकले. चिरेतून चोच, मग ओलंचिंब डोकं, मग धडपडत सगळं पिल्लू. मीटर पाचावरच होता. आप्पांचे डोळे इतके मोठे झाले, की अनसूयाबाईंना हसू आवरेना.

"बगा, काय रुबाब हाय," म्हणत आप्पांचा हात नकळत भस्माच्या वाटीकडं गेला.

अनसूयाबाईंनी मशीनवर पदर टाकला.

"आप्पा, हात म्हागं! ह्या पिल्लाचं आतलं कायी बिघडलं तर कुनाकडं न्यायचं?"